गाफच्या नावाने वेडी बाभूळ

आखातातल्या खलिफा सिटीत जमालच्या व्हिलाचं लँडस्केपिंग सूर्यकांत सबनीसने केलं, ते २००० साली. जमालच्या आईला, मैमुनाला, अंगणात गाफची झाडं हवी होती. वाळवंटातलं तिचं लहानपण त्याच झाडांखाली गेलं होतं. सूर्यकांतने नर्सरीतून चार रोपं आणून लावली. ती इतकी भराभर वाढली, की दोन वर्षांत म्हातारी त्यांच्या सावलीत चटई टाकून बसू लागली.

सूर्यकांतची बायको विभावरी पूर्वी पुण्यात बॉटनी शिकवायची. त्या ईदला ती पहिल्यांदाच जमालकडे गेली. निघताना तिने एक फांदी वाकवून पाहिली.

गाडीत ती म्हणाली, "अहो, ते गाफ नाहीत. वेडी बाभूळ आहे."

"काटे तर गाफलाही असतात."

"त्याचे फांदीवर कुठेही विखुरलेले असतात. हे पानाच्या बेचक्यात जोडीने आहेत. आणि गाफ दोन वर्षांत एवढा वाढतो होय? ही सगळीकडे पसरेल, दुसरं काही जगू देणार नाही."

"म्हणजे नर्सरीवाल्याने फसवलं. पण कस्टमर खूश आहे ना? खलास. तू बोलू नकोस."

"मी नाही बोलणार. तुम्ही बोला."

आठवडाभर सूर्यकांतने टाळलं. मग एका संध्याकाळी जाऊन सांगून आला. जमाल भडकला. "कल सुबह सब निकालो!"

मैमुनाने चटईवरूनच विचारलं, "मग मी बसू कुठे?"

जमालने हुकूम मागे घेतला. आधी गाफ लावायचे, मग बाभळी एकेक करून काढायच्या, असं ठरलं.

उन्हाळ्यात विभावरीने अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गाफखालून शेंगा गोळा केल्या. बिया गरम पाण्यात भिजवून पीव्हीसी पाइपच्या लांब तुकड्यांमध्ये पेरल्या, कारण गाफचं मूळ आधी सरळ खाली जातं. थंडीत रोपं अंगणात लागली. वर वाढायची त्यांना मुळीच घाई नव्हती.

तीन बाभळी गेल्या. चौथी मैमुनासाठी ठेवली होती. ती २००५मध्ये वारली, तेव्हा गाफ जेमतेम तिच्या खांद्याला लागत होते. महिन्याभराने जमालने फोन केला. सूर्यकांतने चौथी बाभूळ तोडली. बुंध्यातून ती पुन्हा दोनदा फुटली. दोन्ही वेळा त्याने स्वतः जाऊन खणलं.

गाफची सावली तेव्हा माणूस बसण्याइतकी झाली नव्हती.