अर्ध्या हॉलला चष्मे

आमच्या शिलाईच्या कारखान्यात चाळिशी उलटलेल्या बायकाच जास्त. कोटांना हाताने काज करायचं काम, आणि सगळ्यांची बोंब एकच, जवळचं दिसत नाही. सुईत दोरा ओवायचा म्हणजे हात लांब, मान मागे, तोंड वाकडं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बायका सुईला वेडावून दाखवताहेत.

तर एक दिवस कुठल्याशा संस्थेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "गरीब कामगारांना सरकारने फुकट चष्मे द्यावेत, असं आमचं म्हणणं आहे."

आम्ही म्हटलं, वा, द्या की!

"असं लगेच नाही. चष्म्याने काम सुधारतं याला पुरावा काय, असं सरकार विचारतं."

"पुरावा? मॅडम, तुमच्या नाकावर काय आहे मग?" मी विचारलं.

त्या गोड हसल्या. स्वतःच्या अनुभवाला पुरावा म्हणत नाहीत, म्हणाल्या. पुरावा हवा तर चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्या बायकांना चष्मा, अर्ध्यांना नाही, आणि मग दोन्ही गटांच्या कामाची तुलना. कुणाला गरज जास्त, कुणाला कमी, ते बघायचंच नाही म्हणे. बघितलं की तुलना बिघडते. ज्यांना चिठ्ठी लागणार नाही त्यांना शेवटी चष्मा मिळणार, पण तोवर त्यांनी कुठलाच चष्मा लावायचा नाही. तसा प्रत्येकीकडून शब्द घेतला.

मला चिठ्ठी लागली. माझ्या थोरल्या जाऊबाईंना नाही लागली.

मला या कारखान्यात आणलं जाऊबाईंनी. काज करायला शिकवलं त्यांनीच, चुकलं की हातावर चापट मारून. आता भावजी अंथरुणाला खिळलेले, घर त्यांच्या एकटीच्या सुईवर, आणि डोळ्यांनी ऐन वेळी दगा दिलेला. काज वाकडे यायला लागले होते. मुकादमाने तोंडावर सांगून टाकलं होतं, "आता एक जरी गठ्ठा परत आला ना, तर जागेवरून उठवीन."

त्या माझ्या शेजारी बसायच्या. आता मला सांगा, शेजारी सख्खी जाऊ चाचपडत बसलीय आणि मी चष्मा लावून ऐटीत काज करू? मी नाकावरचा चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर बसवला.

"अगं, चालेल का?" त्या म्हणाल्या.

"न चालायला काय झालं? घटकाभर लावा, मग द्या परत."

हे काही माझंच डोकं नव्हतं. आठवड्याभरात बघते तर हॉलभर चष्मे फिरायला लागलेले. एक काज तू, एक काज मी. नंबर थोडा इकडेतिकडे व्हायचा, पण निभत होतं. गठ्ठे परत यायचे थांबले. मुकादमसुद्धा माणसासारखा बोलायला लागला.

निकालाच्या दिवशी मॅडमनी आम्हाला गोळा केलं. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "चष्मा मिळालेल्यांचं काम सुधारलं. पण न मिळालेल्यांचंही तेवढंच सुधारलं. म्हणजे ही सुधारणा चष्म्यामुळे नाही."

मी कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात आमच्या भोळ्या जाऊबाई आभार मानायला उभ्या राहिल्या! "असं कसं म्हणता मॅडम? फार गुणाचा हो तुमचा चष्मा. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने लावला की!"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. "तुम्ही सगळा प्रयोग बाटवलात," एवढंच म्हणाल्या. आम्ही कुणाच्या घरचं दूध नासवून आल्यासारख्या माना खाली घालून उभ्या.

मग दुसरा डाव. या वेळी चष्मेवाल्या एका हॉलमध्ये, बिनचष्म्याच्या दुसऱ्या. मधल्या दाराला कडी, आणि कडीपाशी मुकादम. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. नशीबही असं मेलं, जाऊबाई पुन्हा कोऱ्याच.

जेवणाच्या सुट्टीत मी चष्मा काढून पुढे केला. "घ्या. पदराखाली न्या."

"नको गं. माझ्यापायी मॅडमची, त्या पोरीची, मेहनत वाया गेली. आता शब्द दिलाय तो पाळते."

"शब्द दिलाय म्हणे! मुकादमाने दिलाय का तुम्हाला शब्द, उठवणार नाही म्हणून?"

ऐकतील तर शपथ! चार घास खाऊन कडीपलीकडे गेल्या.

व्हायचं तेच झालं. गठ्ठा परत आला, आणि मुकादमाने बोलल्याप्रमाणे त्यांना जागेवरून उठवलं. हातात झाडू दिला. पगार निम्मा.

मी तडक मॅडमकडे गेले. "आत्ताच्या आत्ता त्यांना चष्मा द्या. मुकादमाला मी बघते."

"माझा जीव तुटतो हो," त्या म्हणाल्या. "पण एकीला दिला तर सगळंच मुसळ केरात. आणि खरं सांगू का? अशाच केसमुळे फरक स्पष्ट दिसतो."

केस! ज्या बाईने मला सुई धरायला शिकवलं ती केस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडम काही वाईट बाई नव्हती, तेही सांगते. तिचे डोळे खरंच भरून आले. चष्मा काढून तिने ते पुसले, चष्मा परत लावला आणि लिहायला बसली.

या वेळचा निकाल दणक्यात लागला. फरक एवढा मोठा की साहेब लोक गाड्या घेऊन बघायला आले. सरकार चष्मे देणार, असं भाषणात सांगितलं. टाळ्या झाल्या. मग राहिलेल्या बायकांना चष्मेवाटप. जाऊबाईंना तर मुद्दाम पहिल्या रांगेत बोलावलं.

त्यांनी चष्मा लावला. "अगं बाई, किती लख्ख!" म्हणाल्या. आधी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या जागेकडे. तिथे एक तरणी पोर बसली होती, तिला चष्म्याबिष्म्याची गरज नव्हती. जाऊबाई तिच्यापाशी गेल्या, वाकून तिचे काज निरखले. "सुरेख करतेस हो," म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "अरे देवा, इतके दिवस एवढा केर तसाच राहत होता की काय?" आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन त्या दोऱ्यांचे तुकडे गोळा करायला लागल्या.

मला रडू आवरेना. मॅडम मात्र पुढे सरसावल्या. डोळे चमकत होते.

"बघितलंत? झाडण्यातही फरक पडला! यावर वेगळा अभ्यास करायला हवा. ताई, झाडणाऱ्या किती जणी आहेत इथे?"

"एकच," मी म्हटलं. "अर्धी करता येते का बघा."