हत्यारांच्या पेटीतल्या सोळा पट्ट्या

लिफ्टच्या दाराची किल्ली हवी म्हणून नवऱ्याच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कामावरचा माणूस सोमवारी सकाळी घरी आला, तेव्हा तिने पहिल्यांदाच नवऱ्याची हत्यारांची पेटी उघडली. किल्ली वरच होती. तिच्याखाली, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. सोळा. एकही गोळी काढलेली नव्हती.

किल्ली देऊन तिने दार लावलं आणि पट्ट्या पुन्हा मोजल्या. वर्षभर या गोळ्या तीच आणत होती, महिन्याला दोन पट्ट्या; म्हणजे आठ महिन्यांच्या तशाच पडून होत्या. रोज जेवण झालं की विचारायची, "घेतली का?" आणि तो म्हणायचा, "घेतली गं बाई, किती वेळा विचारशील!"

नवरा दोन दिवसांपासून हॉस्पिटलात होता. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. गुरुवारी बायपास.

ती तडक वॉर्डात गेली आणि एक पट्टी त्याच्या पांघरुणावर टाकली.

"पाय भरून यायचे," तो म्हणाला. "शिडीवर दहा मिनिटं उभं राहवेना. गोळी बंद केली आणि आठवड्यात पाय मोकळे झाले."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"आणि त्यांनी शिडी बंद केली असती. तेवीस वर्षं मी दुसरं केलंय काय?"

तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्याच्या छातीला तारा चिकटवलेल्या होत्या.

नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, मी वाचलंय. ऑपरेशनच्या आधी ही गोळी घेतली असली की हृदय जास्त तग धरतं म्हणे." ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. हॉस्पिटलच्या कागदावर तर लिहिलं होतं, गोळी नियमित चालू. त्यानेच तसं सांगितलं होतं. नर्स रोज एक गोळी द्यायची. पण बुडालेल्या आठ महिन्यांचं काय?

शिवणाच्या दुकानात ती इतरांनी बिघडवलेले कपडे दुरुस्त करायची. आखूड झालेलं लांब करायचं, घट्ट झालेलं सैल. हेही आपणच सावरायचं, असं तिने ठरवलं. सोमवारी दुपारी नर्सची पाठ वळल्यावर तिने नवऱ्याच्या तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या.

"एवढ्या?"

"गप गिळ."

आयुष्यात ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे बोलली होती. त्याने गिळल्या. मंगळवारी सहा दिल्या, बुधवारी सकाळी तीन.

बुधवारी दुपारी नर्स रक्ताचा रिपोर्ट घेऊन आली. "मूत्रपिंडाचा आकडा वाढलाय. बाहेरचं काही औषध दिलंत का?"

"नाही," ती म्हणाली.

नर्स गेली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, ती कोपऱ्यातल्या नळाकडे पाहत राहिली. खोटं बोलायला क्षणही लागला नव्हता, त्याच्यासारखंच. पाच मिनिटांनी ती उठली आणि चपला न घालताच कॉरिडॉरमधून धावत सुटली. सर्जन लिफ्टमध्ये शिरत होते. तिने दारात हात घातला.

"डॉक्टर, मी दिल्या. बारा गोळ्या. आणि त्यांनी आठ महिने एकही घेतली नव्हती. दोन्ही आत्ताच लिहून घ्या."

सर्जन बाहेर आले. ते चिडले होते, पण आवाज चढला नाही. "जो आधीपासून घेतोय त्याची आम्ही बंद करत नाही. पण आयत्या वेळी मोठा डोस सुरू करून हृदय वाचत नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये हे तपासलंय. फायदा दिसला नाही, उलट काहींच्या मूत्रपिंडांना त्रास झाला. आठ महिने तीन दिवसांत भरून निघत नसतात, बाई."

"म्हणजे माझ्यामुळेच?"

"सांगता येत नाही. अँजिओग्राफीत जो रंग सोडतो, त्यानेही आकडा वाढतो. पण गुरुवारचं ऑपरेशन आता मूत्रपिंडं सावरेपर्यंत होणार नाही."

"आणि तोवर त्यांना काही झालं तर?"

सर्जन दोन्ही गोष्टी लिहायला नर्सच्या टेबलाकडे वळले.

शनिवारी सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळाला. छातीवर हात दाबून तो वाकला, आणि मूत्रपिंडं सावरण्याची वाट पाहायला कुणाला सवडच उरली नाही. धावत्या स्ट्रेचरबरोबर तीही धावली. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. "अहो, मी चुकले," एवढंच ती म्हणू शकली. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं.

हृदय वाचलं. मूत्रपिंडं मात्र बसली. पाचव्या दिवशी त्याला डायलिसिसवर घेतलं, मग दिवसाआड. ती खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसायची. तळाशी दोन-तीन चमचे, तेही गढूळ. नणंद येऊन रडली, "मी उगाच बोलले वहिनी." तिने नणंदेला जवळ घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी नर्सने पिशवी वर धरून पाहिली आणि आकडा दोनदा वाचला. "वाढतंय हं," ती म्हणाली. "पण अजून मशीन सुटलं असं समजू नका."

नवरा जागा होता. गालफडं बसली होती, हातांची सालं निघत होती. त्या हातांनी शिडी पुन्हा धरता येणार नव्हती, हे दोघांनाही कळलं होतं.

"मी बंद केल्या, तू कोंबल्यास," तो हळूच म्हणाला. "आपण दोघांनी डॉक्टरकी सोडलेली बरी."

तिला हसायचं होतं. तोंडावर पदर दाबून ती इतकी रडली की नर्सने पडदा ओढून घेतला.