गिझरचा शब्द

बुदिमिर रेल्वेत तिकीट तपासनीस होता. निश शहरातून सुटणाऱ्या गाड्यांमध्ये "साहेब, पुढच्या स्टेशनावर काढतो" ही थाप ऐकण्यात त्याची उभी हयात गेली, पण तिला तो एकदाही बधला नाही. असा हा वस्ताद घरमालकाच्या "पुढच्या महिन्यात नक्की" या थापेवर मात्र सलग तीन हिवाळे विश्वास ठेवून बसला. त्याच्या बायकोला, झागोर्काला, याचे राहून राहून नवल वाटे.

घरमालक स्रेतेन फरशांचा व्यापारी. माणूस मोठा गोड, कोणालाही नाही म्हणणे त्याच्या स्वभावातच नव्हते. न्हाणीघरातला गिझर बंद आहे म्हटल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाला, नवा बसवतो. खिडकीतून वारा येतो म्हटल्यावर म्हणाला, खिडकी बदलतो. तीन हिवाळे झागोर्का पातेल्यांत पाणी तापवत राहिली. खिडकी शेवटी बुदिमिरनेच पदरचे पैसे घालून बदलली. खर्च भाड्यातून वळता करू, असे स्रेतेन फोनवर म्हणाला होता. बुदिमिरने तो इमानदारीने वळता केला, म्हणजे दोन महिने भाडे दिले नाही. लगेच वकिलाची नोटीस आली: भाडे थकले आहे, एकोणीस डिसेंबरला घर रिकामे करून चावी द्यावी.

दोघांना खरे तर मेपर्यंतच राहायचे होते. मेमध्ये बुदिमिर निवृत्त होणार आणि मग झागोर्काच्या गावी तिच्या आईच्या घरात जाणार. त्या घराला सध्या छप्पर नव्हते, वसंतात घालायचे होते. दुसरे घर भाड्याने घ्यायचे तर अनामत कुठून आणणार? राहता राहिली झागोर्काची बहीण, आणि तिच्याकडे आधीच पाच माणसे दोन खोल्यांत झोपत होती.

वरच्या मजल्यावर रातोमिर राहत असे. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला, पण सल्ला देण्यातून अजून निवृत्त न झालेला. त्याने नोटीस वाचली, करार वाचला आणि बुदिमिरला फैलावर घेतले. भाडेकरूला हक्क आहेत, भरपूर आहेत, पण भाडे भरत राहायचे आणि दुरुस्ती लेखी मागायची, असा रस्ता होता. आता बुदिमिरचे सगळे देणे कागदावर होते आणि स्रेतेनचे सगळे देणे हवेत. तरी एक वाट उरते, असे तो म्हणाला. मेपर्यंत राहा, हे स्रेतेनच्या तोंडून चार लोकांसमोर वदवून घ्या. साक्षीदार असले की मग आपण बघू.

ही संधी स्रेतेनने स्वतःच आणून दिली. त्याच्या घराण्याच्या संताचा सण येतो मेमध्ये, त्यामुळे नोटिशीत तारीख घालताना त्याने पंचांग पाहिलेच नाही. एकोणीस डिसेंबर म्हणजे संत निकोलाचा दिवस, आणि निकोला हा बुदिमिरच्या घराण्याचा संत. या सणाला, स्लावाला, कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला माहीत आहे तो येतो, आणि आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. झागोर्काने उसने पैसे घेऊन मासे आणले.

दुपारी स्रेतेन कुलूपवाल्याला घेऊन जिना चढला तेव्हा दार सताड उघडे होते, मेणबत्ती तेवत होती आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने तोंड उघडायच्या आत कोणीतरी शिजवलेल्या गोड गव्हांचा वाडगा पुढे धरला. आता काय करतो? त्याने छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात टाकले आणि म्हणाला, "सण सुखाचा जावो, यजमान." कुलूपवाला टोपी काढून थेट माशांकडे गेला.

जेवताना बोटे बरबटली म्हणून स्रेतेन हात धुवायला न्हाणीघरात गेला आणि ओरडत बाहेर आला. सगळे हसले. पाणी कुठल्या डोंगरातून आणता, असे एकाने विचारले. रातोमिर याचीच वाट पाहत होता. सुरुवात गिझरने करायची आणि शेवट मुक्कामावर आणायचा, असे त्याचे गणित होते. त्याने स्रेतेनचा पेला प्लमच्या दारूने काठोकाठ भरला.

"मालक, मेणबत्तीसमोर सांगा. गिझर कधी?"

स्रेतेन उभा राहिला. त्याने पेला मेणबत्तीकडे उंचावला. "या महिन्यात या घरात नवा गिझर लागला नाही, तर माझं नाव बदला."

टाळ्या पडल्या. रातोमिरने झागोर्काला डोळ्याने खुणावले. ती एप्रनला हात पुसत पुढे झाली.

"आणि मालक, आम्ही मेपर्यंत इथंच…"

"झागा," बुदिमिर मध्येच म्हणाला, "पाहुण्याच्या ताटात मासा आहे. घराचं आज बोलायचं नाही."

"यजमान बरोबर बोलले," स्रेतेन पटकन म्हणाला आणि खाली बसला.

झागोर्का नवऱ्याकडे बघतच राहिली. बुदिमिरला मात्र ते "यजमान" म्हणणे फार गोड लागले. ज्या घरातून काढणार, त्याच घरात, काढणाऱ्याच्याच तोंडून! त्याने स्रेतेनला आणखी एक मासा वाढला आणि निघताना सणाचा केक बांधून दिला.

चार दिवसांनी गिझर आला. नवा कोरा, दोन माणसांनी उचलून आणलेला. झागोर्काने गरम पाण्याखाली हात धरला आणि तिला रडू आले. बुदिमिर तिला म्हणाला, बघ, मेणबत्तीसमोर दिलेला शब्द होता. संध्याकाळी स्रेतेन आला. बरोबर एक तरुण जोडपे होते. मुलीने नळ सोडला, पाण्यात बोट धरले आणि नवऱ्याकडे पाहून मान डोलावली.

"आता ठीक आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी आम्ही गिझरसाठीच अडलो होतो."

सणाच्या दिवशी बायकोला बोलू न दिलेले वाक्य बुदिमिरने आता, उभ्या उभ्या, जोडप्यासमोरच बाहेर काढले. मेपर्यंत राहू द्या, थकलेले भाडे हप्त्याने देतो, हवे तर आजच लिहून देतो.

स्रेतेनचा चेहरा पडला. त्याला मनापासून वाईट वाटले, हे तिथल्या प्रत्येकाला दिसले.

"अरे बुदिमिर, त्या दिवशी मागायचं होतंस," तो म्हणाला. "त्या दिवशी मला नाही म्हणता आलं नसतं. सणाला यजमानाला नाही कोण म्हणतं?"

आणि त्याने चावीसाठी हात पुढे केला.