छोटूच्या चेंडूचा हेवा

“काका, मोठ्या कुत्र्यानंच मुसकं घालायचं, हा नियम कुणी काढला?”

मित्रांनो, कुत्र्यांच्या बागेच्या फाटकाशी आमच्या घरच्या ताईने राखणदार काकांना हे विचारलं, तेव्हा तिच्या दोघी मैत्रिणी झाडाआड तोंड दाबून हसत होत्या. ‘विचारून दाखव,’ म्हणून त्यांनीच तिला डिवचलं होतं. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं, ते कुत्र्याच्या तोंडाला बांधायचं जुनं चामड्याचं मुसकं म्हणजे मी.

मला बनवणाऱ्या कारागिराने माझा टाका न् टाका ताणून पाहिला होता. “वाघसुद्धा गप्प बसेल,” तो म्हणाला. मी केवढा फुशारलो! मग घरी वाघ दिसला. भलाथोरला कुत्रा, नाव छोटू. उभा राहिला की बाबांच्या खांद्यावर पंजे ठेवणारा, आणि स्वयंपाकघरात झाकण पडलं की पलंगाखाली लपणारा. लपायचं म्हणजे नुसतं डोकं. बाकीचा छोटू बाहेरच. तरी जिन्यात लोक त्याला बघून भिंतीला चिकटायचे. त्यांना बरं वाटावं, म्हणून बाबांनी मला आणलं.

खरं सांगू? मी जळतो. खुंटीवरून पट्टा काढला की छोटू नाचतो. लव झडलेल्या त्याच्या टकल्या चेंडूला तर कुशीत घेऊन झोपतो. मी दिसलो की मात्र मान खाली. त्याच्या तोंडाशी सगळ्यात जवळ मी, आणि लाड चेंडूचे. बागेत आम्ही शिरलो की बाकीची मंडळी आपापली कुत्री घेऊन बाहेर पडायची. छोटू एकटाच चेंडू नाकाने ढकलत बसायचा. माझ्यामुळे त्याला तो उचलता यायचा नाही. मला त्यात गंमत वाटायची, लपवत नाही.

ताईचा प्रश्न ऐकून राखणदार काका गोंधळले. “नियम? असा काही नियम नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी हे बांधून आणलंत. मला वाटलं, चावरा असेल. म्हणून म्हटलं, इथे काढू नका.”

“आणि बाबांना वाटलं, नियमच आहे.” ताई छोटूकडे बघत म्हणाली, “म्हणजे तुम्ही आम्हाला बघून त्याला चावरा ठरवलंत, आणि आम्ही तुमचं ऐकून नियम धरला. आणि भोगतोय हा.”

झाडाआडचं हसू थांबलं. माझे टाके एकदम सैल पडल्यासारखे वाटले.

मित्रांनो, आपल्याला भीती वाटते म्हणून दुसऱ्याचं तोंड बांधू नका. आधी त्याला नीट ओळखा. हे मलाच सांगावं लागतंय, याचा मला राग येतो. आता तो चेंडू किती मिरवेल!

घरी ताईने बागेतलं सगळं सांगून मला टेबलावर ठेवलं. “हे आता रोज बांधायचं नाही.”

“लोक काय म्हणतील?” बाबांनी विचारलं.

आई म्हणाली, “अगं, थोडे दिवस जाऊ देत.”

“नाही आई. उद्यापासून छोटू मोकळ्या तोंडाने जाणार. हे फक्त डॉक्टरांकडे, सुई टोचताना. पट्टा मी धरणार. कुणी घाबरलं, तर थांबून त्यांच्याशी बोलणारही मीच. तुम्ही दोघं नुसते सोबत चला.”