जाजमाबाहेरची जागा

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे. आता मला जाजम म्हणतात. काहीही म्हटले तरी चालते.

मिरकरवाडा बंदरावर मरियमच्या अंगणात मला शिवले. सुई तिची, माप तिच्या नवऱ्याचे, करीमचे. मग झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवले, म्हणून माझा रंग असा तपकिरी. बरीच वर्षे करीमच्या होडीवर मी वारा पोटात घेतला. करीमचे शीड लांबून ओळखू येते, असे लोक म्हणत. तेव्हा बरे वाटायचे.

एका संध्याकाळी आभाळ भरून आले. बंदराच्या तोंडाशी खडक आहे, त्यावर दिवा नव्हता. होडी आदळली. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्याला लागलो, करीम लागला नाही. मरियमने मला वाळूतून गोळा केले, धुतले, वाळत घातले. ती रडली नाही. तेव्हापासून मलाही फारसे काही वाटत नाही.

पुढे तिचा मुलगा अली दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागला. वाट तीच, खडक तोच.

त्याच सुमारास मच्छीमारांची सोसायटी, आंबा बागायतदारांचा संघ, लांज्याकडच्या कुळांची संघटना आणि महिला मंडळ एकत्र आले. आजवर प्रत्येकाने मुंबईला वेगळा अर्ज केला होता आणि सरकारने प्रत्येकाच्या तोंडाला पाने पुसली होती. आता जिल्ह्यात काय बदलायला हवे ते मिळून ठरवायचे आणि एका तोंडाने मागायचे. बैठक सोसायटीच्या वखारीत होती. अंथरायला काही नव्हते, म्हणून मरियमने मला दिले.

तिथली रीत अशी, की जाजमावर बसेल त्याचे मत धरायचे. कडेला बसेल तो ऐकायला आलेला. बायका नेहमीप्रमाणे कडेला, जमिनीवर बसल्या. मरियम माझ्या काठाला टेकून होती.

"खडकावर दिवा होवा," ती म्हणाली. "सगल्याच्या आधी दिवा."

माना हलल्या. मग कुळांचा कायदा, बागांकडे जाणारा रस्ता, मासळीसाठी बर्फाचा कारखाना, मंडणगडकडे दवाखाना यांवर खल झाला. माणसे हमरीतुमरीवर आली, विड्या ओढून शांत झाली. एकाच्या विडीची ठिणगी माझ्यावर पडली, तिचे भोक अजून आहे. शेवटी अध्यक्ष धोंडूशेट बागायतदार घाम पुसत म्हणाले, "झाला बाबा, जाजमावर एकमत झाला!" टाळ्या वाजल्या. मसुदा मुंबईला गेला.

पावसाळा सरल्यावर उत्तर आले. दवाखाना मंजूर, बर्फाचा कारखाना मंजूर, बाकीचे विचाराधीन. वखारीत पुन्हा मला अंथरले आणि पेढे वाटले.

"नि दिवा?" मरियमने विचारले.

"तो मसुद्यात नव्हता गे," धोंडूशेट म्हणाले.

"मी बोलले हुते ना?"

"बोलली होतीस. पण तू खाली बसली होतीस."

माणूस दुष्ट नव्हता. समुद्राचे पाणी खारट असते, अशा सुरात त्यांनी सांगितले.

मरियम उठली. माझ्यावर आली आणि मधोमध, स्वतःच घातलेल्या ठिगळावर बसली.

"ह्या शिडाखाली माझा करीम गेला," ती म्हणाली. "आता मी शिडावर बसलंय. लिवा दिवा."

धोंडूशेटनी हातातला पेढा खाली ठेवला आणि लिहिले.

दिव्याची मागणी मुंबईला गेली. तिचे उत्तर अजून आलेले नाही. रोज संध्याकाळी मरियम कंदील घेऊन किनाऱ्यावर उभी राहते. अलीची होडी दिसली की घरी जाते. तिच्या कंदिलाचा उजेड खडकापर्यंत पोचत नाही, हे तिला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी आता विरलो आहे. बैठकीनंतर मला झटकत जा, ओला ठेवू नका, एवढी काळजी घेतलीत तरी उपकार होतील. पण अंथरताना एकदा पाहा, काठाबाहेर कोण बसले आहे. जाजम सगळ्यांना पुरत नसेल, तर मला गुंडाळून कोपऱ्यात ठेवा आणि सगळेच जमिनीवर बसा.