तोंड राखीचं, मर्जी कोणाची?

हे लिहिणारच नव्हतो. चुकलेला माणूस आपल्यातलाच हाय, त्याची बदनामी कायले करायची, असं वाटे. पण मंडळी, तोंड ओळखणारे कॅमेरे आता आपल्याबी दारात लागून राह्यले, म्हणून लिहितो.

संजय आर्णीतली एक अभ्यासिका सांभाळते. मालक फुलचंदनं दाराशी तोंड ओळखणारा कॅमेरा लावला. पोरगी आत आली, बाहेर गेली, की तिच्या बापाच्या मोबाइलवर मेसेज. संजयनं प्रवेशाच्या फॉर्मवरचे फोटो घेऊन साऱ्यांची तोंडं त्यात भरली. विचारलं कोणालेच नाही. वरून म्हणे, "लपवायचं नसंल तर भ्यायचं कायले?"

त्याच्याच तांड्यातली राखी, लहानपणची दोस्त, याच अभ्यासिकेत येई अन् रोज दुपारी सव्वाचारला तिथून निघून मैदानावर पळाले जाय. पोलीस भरतीसाठी. घरी सांगतलं नव्हतं. तिचा बाप भावसिंग, त्याले लागोपाठ तीन दिवस मेसेज गेला: राखी, बाहेर, ४.१७. अभ्यास सोडून पोरगी जाते कुठं, म्हणून चौथ्या दिवसापासून राखी घरात बंद. अन् मैदानी परीक्षा बारा दिवसांवर!

संजय फुलचंदकडं गेला. "तिचा फोटो काढून टाका."

"यादीतून काढतो. कॅमेऱ्याच्या कंपनीकडं गेला तो कुठं हाय, मले काय माहीत?"

संजय तणतणत घरी आला. आई मानीबाई भाकरी थापत होती. "भावसिंगकाकाले सांगूनच टाकतो, ती पळाले जाते म्हणून."

"म्हंजे पुन्हा तिले न विचारता?" मानीबाईनं वर पाह्यलं. "म्या घुंगट घेणं सोडलं ते माया मर्जीनं. तुया बापालेबी नाही विचारलं. अन् तू पोरीचं तोंड कोण्या कंपनीले देऊन आला. मोठा शिकेल-सवरेल माणूस!"

संजयची मान खाली गेली. तो तसाच राखीच्या घरी गेला.

"या साहेब," भावसिंग म्हणाला. "तुयाच मशीननं सांगतलं ना."

"काका, मशीननं बाहेर गेली येवढंच सांगतलं. कुठं, कायले, ते नाही. तिचा फोटो म्या तिले न विचारता देल्ला. चूक मायी हाय." मंग तो दारातल्या राखीकडं वळला. "बाकीचं सांगू का?"

"तू नको. मीच सांगीन."

तिनं सारं सांगतलं. भावसिंगनं विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी पळू देल्लं असतं?"

भावसिंग उठून राखीपाशी आला. म्हणाला, "उद्या मैदानावर मी नेऊन सोडतो."

मंडळी, पासवर्ड बदलता येते, तोंड नाही बदलता येत. कोणी तोंडाचा फोटो मागितला तर पहिले विचारा, कायले पाह्यजे, कुठं ठेवणार, कोण पाहणार. अन् दुसऱ्याचा असंल, तर त्याले विचारा.

राखीचा संजयवरचा राग मात्र उतरला नव्हता. "अन् तो कंपनीतला फोटो?"

"परत मिळंल का नाही, माहीत नाही," संजय म्हणाला. "कंपनीच्या मागं लागून राह्यलो. पण शब्द देतो, राखी. तुले विचारल्याशिवाय तुयं तोंड पुन्हा कोणाच्या हाती देणार नाही."