टाकीच्या तोंडावरचा माणूस

जहाजावर प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. कॅप्टन जबाबदार, चीफ ऑफिसर हुशार, आणि काही बिघडलं की खलाशी नालायक. मी सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. सव्वीस वर्षं दोर, रंग आणि गंज यांत गेली. तेवढ्या वर्षांत एक गोष्ट मी नव्याजुन्या प्रत्येकाच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली. बंद टाकीत कुणी उतरलं की तिच्या तोंडावर बसलेल्या माणसाने उठायचं नाही. आतल्याला हाका मारत राहायचं, हवा सोडणारा पंखा चालू आहे ना ते बघायचं, आणि बसून राहायचं. कुणाच्या बापाने बोलावलं तरी.

परवा तिथे माझा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, एकटा जीव. त्याला या जहाजावर मीच चिकटवला. आत फिटर तुटलेली पायरी वेल्डिंग करत होता. जहाज धक्क्याला लागलेलं. एजंटाची गाडी येताना दिसली आणि चीफ ऑफिसरला उतरायची शिडी ताबडतोब चार हात पुढे सरकवून हवी झाली, का, तर साहेबांचे बूट चिखलात जायला नकोत! वरून वॉकीटॉकीवर म्हणतो, "सारंग, माणसं कमी पडतायत ना? टाकीवरचा नुसता बसलाय, त्याला घे."

उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातंय! पण मी? मी तर खाली उभा होतो. मला सगळं ठाऊक होतं. तरी बटण दाबून मेहुण्याला बोलावलं.

"दाजी, उठू का?" त्याने विचारलं. "फिटर आत आहे."

"ऊठ म्हणतोय ना! पाच मिनिटांचं काम आहे."

अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात पंख्याची वायर सुटली. आत वेल्डिंगच्या गॅसची नळी गळत होती. पंखा चालू होता तोवर निभावलं. मेहुणा धावत परत गेला, तेव्हा फिटर तळाशी भिंतीला टेकून बसलेला, वेल्डिंगची काच डोळ्यांवर तशीच. पाठीला हवेचे सिलिंडर बांधून दोघे उतरले, त्याला वर काढला. उपयोग झाला नाही.

आज सकाळी बायकोचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला. "माझ्या भावाने माणूस मारला का हो? तो म्हणतो, मी सिगारेट ओढायला गेलो होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने जन्मात सिगारेट ओढलेली नाही. शेजारी कुणी पेटवली तरी खोकतो.

तसाच त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो बंकवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"चीफसाहेबांनीच लिहून दिलं, दाजी. मी सही केली. तुमचं नाव आलं तर तुमचा परवाना जाईल. ताईचं घर कोण चालवणार? माझ्यामागे कोण आहे?"

"अरे पण सिगारेट?"

"कागदावर धूर दिसत नाही," तो म्हणाला.

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. खरं सांगतो, कारण त्याच क्षणी माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलं होतं. त्या कोपऱ्याचा मला आजवरचा सगळ्यात जास्त राग आला.

दहा वाजता चौकशी सुरू झाली. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत, जमिनीला बोल्टांनी आवळलेल्या खुर्च्यांवर. बंदरातून आलेले चौकशी अधिकारी मध्ये, कॅप्टन खाली मान घालून, चीफ ऑफिसर कडक इस्त्रीत, आणि समोर मेहुणा नि मी. अधिकाऱ्यांनी मेहुण्याचा जबाब वाचला. सिगारेट आली तसा चीफ ऑफिसर उसासा टाकून म्हणाला, "किती वेळा सांगितलं साहेब या लोकांना, की टाकीचं तोंड सोडून हलू नका!"

चोराच्या उलट्या बोंबा! आणि मी, डेकभर ज्याचा आवाज घुमतो तो मी, खुर्चीचे बोल्ट बघत बसलो. डोळ्यांसमोर घर, बायको, परवाना. एकदा फिटरची ती काच.

"हे सगळं तुम्हाला मान्य आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो," मेहुणा म्हणाला.

"ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

तो अर्धवट उठला. सवयीने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षं हा माणूस माझ्याकडे बघूनच पाऊल उचलतो.

"दाजी, उठू का?"

"बस!" मी असा ओरडलो की कॅप्टनच्या हातातला कप सांडला. "बस खाली. कुणीही बोलावलं तरी उठायचं नाही!"

तो बसला.

"साहेब," मी म्हणालो, "तो कागद खोटा आहे. हुकूम या चीफ ऑफिसरचा होता. पण माझ्या मेहुण्याने मला विचारलं होतं, उठू का म्हणून. आणि ऊठ असं मी सांगितलं."